हत्यारं, हौस आणि हिशोब

बरेच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोन-तीन जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला, की घरच्या घरी गिटार बनवायची तर हत्यारांना खर्च किती येतो? याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. हत्यारं जमवणं आणि गिटार बनवणं हे दोन वेगवेगळे छंद आहेत. दोन्ही चांगलेच. पण पहिला महाग आहे, दुसरा तितका नाही. आणि गंमत अशी की बहुतेक लोक पहिल्याचा खर्च बघून दुसऱ्याचा नाद सोडतात.

हे सुचायचं कारण म्हणजे माझ्या एका मित्राचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटार बरी वाजवतो, आणि हाताला काहीतरी करायची खुमखुमी आहे. त्याने चार-पाच व्हिडिओ बघून एका वहीत यादी केली. पडद्यांच्या खाचा पाडायची करवत, पडदे ठोकायची हातोडी, पडद्यांना गोलाई द्यायची कानस, नटाच्या सहा खाचांसाठी सहा वेगवेगळ्या कानशी, लाकूड वाकवायचं विजेचं यंत्र, वीस-बावीस क्लॅम्प, बँडसॉ... यादी दोन पानं. बेरीज ऐंशी हजारांच्या वर गेली, आणि त्यात बाहेरून मागवायच्या वस्तूंची कस्टम ड्युटी धरलीच नव्हती. मुलाने वही मिटली. "नोकरी लागली की बघू, काका" म्हणाला.

आता हे 'नोकरी लागली की बघू' आपल्या सगळ्यांच्या चांगलं ओळखीचं आहे. नोकरी लागली की घराचा हप्ता, मग मुलांची शाळा, मग आई-वडिलांची दुखणी, आणि साठीला आल्यावर गुडघे. मला त्या यादीचा राग आला तो म्हणूनच. वीस वर्षांच्या मुलाला लाकूड हातात घेण्याआधीच कुणीतरी पटवून दिलं होतं, की हे तुझ्या ऐपतीबाहेरचं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो, नाहीतर आमचे मोठे काका फोन करून विचारतील. गिटार स्वस्त पडावी म्हणून गिटार बनवू नका. कारखान्यात बनलेली शिकाऊ गिटार बाजारात काही हजारांत मिळते. तुमची पहिली गिटार लाकूड, तारा, खुंट्या धरून तेवढ्यात कदाचित होईल, पण तुमच्या वेळेची किंमत लावलीत तर हा धंदा आतबट्ट्याचाच. पोहे हॉटेलात तीस रुपयांना मिळतात म्हणून घरी कुणी पोहे करायचं थांबतं का? तसंच हे. प्रश्न स्वस्त गिटारीचा नाही, हौस आपल्या खिशात बसवण्याचा आहे. आणि ती बसते, एवढंच माझं म्हणणं.

आता थोडं इतिहासात डोकावू. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार आणि आतली रचना बऱ्याच अंशी ठरवली ती अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश माणसाने (१८१७ ते १८९२). गडी मुळात सुतारकाम शिकलेला. त्याच्याकडे ना बँडसॉ होता, ना विजेची कुठली वस्तू. त्याने १८६२ साली एक गिटार बनवली जिच्या पाठीला आणि बाजूंना लाकूड नव्हतंच, पुठ्ठा होता! फक्त पुढची फळी लाकडाची. (सतारीत हिला तबली म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, म्हणून इथेही तोच वापरतो.) गिटारीचा आवाज मुख्यतः तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपण शिसवीच्या पाठीसाठी जीव टाकतो आणि या बाबाने दीडशे वर्षांपूर्वी पुठ्ठा लावून मुद्दा सिद्ध केला.

दुसरं उदाहरण आपल्या पिढीच्या ओळखीचं, क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. १९६३ साली तो शाळकरी होता, आवडती इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला पैसे नव्हते. वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले इंजिनिअर. बापलेकांनी मिळून साधारण दोन वर्षं खपून गिटार बनवली. मान शेकोटीवरच्या जुन्या लाकडी फळीची, पोटात जुन्या टेबलाचं ओक. मानेवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. सूर लचकवायच्या दांडीच्या यंत्रणेला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि त्या दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई. हीच गिटार त्याने पुढे जन्मभर वाजवली आणि २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही वाजवली.

या गोष्टीतला एक भाग लोक सांगताना गाळतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. गिटारीचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबकीय भाग, या बापलेकांनी आधी घरीच बनवले होते. पण तार ताणून सूर चढवला की त्यातून नको असलेला आवाज यायचा. मग त्यांनी सरळ बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत आणले. म्हणजे 'सगळं घरीच' हा हट्ट नव्हता. जिथे घरच्या वस्तूने काम बिघडत होतं तिथेच पैसे टाकले, बाकी सगळीकडे घरातलं सामान. मला विचाराल तर हत्यारांच्या खरेदीचं अख्खं शास्त्र एवढंच आहे.

तर आता यादीकडे वळू. यादी छोटी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काही हत्यारं लागणारच नाहीत असं वाद्य निवडणं. बहुतेक पोरं स्टीलच्या तारांची नाहीतर इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतात. तिच्या फिंगरबोर्डला आडवी गोलाई असते, त्यासाठी गोलाईचे ठोकळे लागतात. स्टीलच्या सहा तारांचा ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो, म्हणून मानेत लोखंडी सळई, ती बसवायला खोबण, खोबणीसाठी राउटर. त्याउलट नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या. ताण साधारण चाळीस किलो, त्यामुळे सळई लागत नाही. फिंगरबोर्ड सपाट, म्हणजे गोलाईचे ठोकळे बाद. आणि ती स्पॅनिश पद्धतीने बांधली तर बाजूच्या पट्ट्या सरळ मानेच्या बुडाच्या खाचांत बसतात, वेगळा अवघड सांधा करावा लागत नाही. स्पॅनिश कारागीर तबलीच्या कडेने लाकडाचे छोटे छोटे ठोकळे एकेक करून बोटाने दाबून सरसाने चिकटवत जातात. क्लॅम्प नावालासुद्धा नाही. कडेच्या पट्ट्या चिकटवताना अख्ख्या गिटारीला दोरी गुंडाळतात. वीस-बावीस क्लॅम्पचा आकडा इथेच निम्म्याखाली येतो.

मग विकत घ्यायचं काय? माझ्या मते अचूक माप आणि पडद्यांची करवत.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते सरकवू शकतो. गिटारीचा पडदा एकदा बसला की जन्माचा बसला. तिथे 'अंदाजपंचे दाहोदरसे' चालत नाही. ६५० मिलिमीटर लांबीची तार असेल तर पहिला पडदा नटापासून ३६.४८ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागायचं की दुसरा, परत भागायचं की तिसरा, असं करत बारावा बरोब्बर मध्यावर, ३२५ वर. (१५८१ साली विन्सेंझो गॅलिली, म्हणजे आपल्या दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचे वडील, यांनी १८:१७ हे सोपं गुणोत्तर सुचवलं होतं. १८ ने भागत गेलात तर ६५० च्या तारेवर बारावा पडदा जवळजवळ अडीच मिलिमीटर चुकतो.) बाराव्या पडद्याशी एक मिलिमीटर चुकला तर सूर सुमारे पाच सेंट हलतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकत्र वाजणाऱ्या सुरांत कानाला टोचतं. यासाठी लागते चांगल्या प्रतीची, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची लांब स्टीलची पट्टी, आणि सगळी मापं नटापासूनच घ्यायची शिस्त. एका पडद्यापासून पुढचा मोजत गेलं तर चुका साठत जातात. शिस्त फुकट आहे.

करवतीचं गणित असं. पडद्याच्या तारेचं जे पातं लाकडात रुततं ते साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं, आणि खाच त्याला घट्ट बसेल अशीच हवी, साधारण ०.६ मिलिमीटर. साध्या हॅकसॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात, ती खाच एक मिलिमीटरच्या आसपास जाते. पडदा बसतच नाही, हलतो. इथे जुगाड करू नका, करवत विकत घ्या. क्लासिकल गिटारीला एकोणीस पडदे. एकोणीस खाचा, एका संध्याकाळचं काम. पण ती संध्याकाळ बिघडली तर पुढचे सहा महिने वाया.

तिसरी खरेदी हत्यार म्हणून कुणी मोजत नाही, ती म्हणजे चांगला मास्क आणि चष्मा. शिसवीच्या भुशाची ॲलर्जी होते, एकदा झाली की पुढे अगदी थोड्या भुशानेही त्रास होतो. यात बचत करायची नाही. आमच्या घरी ही अट सौ.ने घातलेली आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे.

बाकीची बरीचशी यादी घरी बनते. थोडे नमुने देतो.

तबलीच्या आत आधाराच्या पट्ट्या चिकटवताना त्या गोंद वाळेपर्यंत दाबून धराव्या लागतात. बाहेरचे लोक यासाठी फायबरच्या लवचिक काठ्या विकत घेतात. एक फळी खाली, एक फळी वर, मध्ये काठ्या वाकवून अडकवायच्या, की त्या स्प्रिंगसारख्या दाबतात. आपल्याकडे बांबूच्या कामट्या हेच काम करतात. बुरूडआळीत जाऊन एकसारख्या लांबीच्या तीस कामट्या तासून मागितल्या तर बुरूड आधी तुमच्याकडे बघतो, मग हसतो, मग देतो.

बाजूच्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्या वाकवायला विजेचं यंत्र लागत नाही. दोन-अडीच इंची लोखंडी पाइपाचा तुकडा टेबलाला पक्का आवळायचा आणि एका तोंडातून हीट गनने तापवायचा. पाइप काळा घ्या, जस्ताचा मुलामा दिलेला नको, कारण तो फार तापला तर धूर विषारी असतो. पाइपावर पाण्याचा थेंब टाकला की तडतडत नाचायला हवा. मग ओली पट्टी त्यावर हळूहळू फिरवत दाबायची. लाकूड कधी नमतं ते हाताला कळतं. आजूबाजूला जळण्यासारखं काही ठेवू नका आणि पाण्याची बादली जवळ ठेवा, हे सांगायला नकोच.

सपाट पृष्ठभाग हवा असतो, सगळ्या कामाचा तो पाया. महागड्या बीडाच्या पाट्याऐवजी ग्रॅनाइटवाल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला तुकडा मागा. त्यावर पॉलिश पेपर चिकटवला की फिंगरबोर्ड सपाट करायचं आणि पटाशीला धार लावायचं, दोन्ही कामं होतात. तबलीची जाडी मोजायला घडीच्या प्लायवुडचा खोल इंग्रजी यू कापून त्यावर साधा डायल गेज बसवला की झालं. नटाच्या बारीक खाचांसाठी गॅस वेल्डिंगचं तोंड साफ करायच्या गोल सुयांचा संच मिळतो, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात, अगदी किरकोळ किमतीत. वेगवेगळ्या जाडीच्या आणि खरखरीत, पातळ तारांना पुरतात. जाड तारांना बारीक गोल कानस चालते. आणि कानशींच्या बाबतीत तर आपण नशीबवान, त्यांचे मोठे कारखाने आपल्या कोकणातच आहेत. लाकूड खरवडून गुळगुळीत करायला जुन्या करवतीच्या पात्याचा आयताकृती तुकडा पुरतो.

काही कामं मात्र ना विकतच्या हत्याराने करावीत, ना घरच्या. ती करून घ्यावीत. बँडसॉ आणि जाडी काढायचं यंत्र घरी कशाला? लाकडाच्या वखारीत ते उभंच आहे. आपली फळी नेऊन चार मिलिमीटरपर्यंत उतरवून आणायची, पुढचं हाताने. पाट्या बनवणाऱ्यांकडे लेसरचं यंत्र असतं. त्यांच्याकडून ॲक्रिलिकच्या पट्टीवर पडद्यांच्या जागी खाचा पाडून घ्या, म्हणजे मापाची पट्टी कायमची तयार. कात्री न घेता आपण शिंप्याकडे जातोच की.

आता जरा नाजूक मुद्दा. 'स्वस्त' म्हणजे कुणाच्या जिवावर स्वस्त?

रंधे आणि पटाश्या जुन्या घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. पुण्यात जुना बाजार, बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा चोरबाजार इथे फिरलात तर जुन्या इंग्लिश पोलादाच्या पटाश्या अजून हाती लागतात. गंजलेल्या दिसतात, पण गंज वरवरचा असतो आणि पोलाद उत्तम. नव्या स्वस्त पटाशीची धार दहा मिनिटांत जाते, हिची टिकते. पण ही जुनी हत्यारं येतात कुठून? आमच्या जुन्या वाड्याजवळ एक सुतारकाका होते. त्यांच्याकडे लाकडी रंध्यांची रांग होती, गलत्याचा वेगळा, खाचेचा वेगळा. नंतर सगळं काम प्लायवुड आणि सनमायक्यावर आलं, मग तयार मॉड्युलर किचन आलं. त्यांचा मुलगा ड्रिल आणि कटर घेऊन फर्निचर जोडायला जातो, आणि चांगलं कमावतो, हे महत्त्वाचं. रंधे भंगारात गेले. किलोच्या भावाने.

म्हणून एखादा सुतार स्वतः आपली हत्यारं विकत असेल तर घासाघीस करू नका. आपण हौस करतोय, तो आयुष्य आवरतोय. भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागायची सवय इथे आणायची नाही. दोनशे जास्त द्या आणि त्या बदल्यात धार लावायला शिका. ते दोनशे जगातल्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा स्वस्त पडतील. पटाशी दगडावर किती अंशात धरायची हे पुस्तकात वाचता येतं, पण मनगट कुठे थांबवायचं ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

धारेचा विषय निघालाच आहे तर मिरजेचं सांगतो. तंबोरे आणि सतारींसाठी मिरज प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज होते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, ती उजळणारे. तलवारींचे दिवस सरले आणि हे हात भोपळ्याकडे आणि तुणीच्या लाकडाकडे वळले. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. वाद्य बनवायला आले तेव्हा त्यांच्याजवळ वाद्याची खास हत्यारं नव्हती, पण पोलादाची धार त्यांना कळत होती. एका बोथट महाग रंध्यापेक्षा एक धारदार जुनी पटाशी जास्त काम करते. धार लावता येत नसेल तर ऐंशी हजारांची यादीसुद्धा महिन्याभरात बोथट होते.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो खोटा नाही. "हे सगळं बनवत बसायचं तर गिटार कधी बनवायची? तयार हत्यार आणलं की वेळ वाचतो." ज्याचं पोट गिटारींवर आहे, जो वर्षाला वीस गिटारी बनवतो, त्याने तयार हत्यारंच घ्यावीत. त्याचा वेळ म्हणजे पैसा. अमेरिकेत १९६८ पासून फक्त या सामानाचा व्यापार करणारी कंपनी आहे, आणि तिची हत्यारं खरोखर विचार करून बनवलेली असतात. माझं भांडण हत्यारांशी नाहीच. पण हौशी माणूस वर्षाला एक गिटार बनवणार, तीही रविवारी दुपारी जेवण झाल्यावर. त्याने वेळ वाचवून त्या वेळाचं करायचं काय? टीव्ही बघायचा? पाइपावर लाकूड वाकवायला शिकणं, डायल गेजची चौकट बनवणं, हाही छंदाचाच भाग आहे. शिवाय ज्याने स्वतः ठोकळे आणि साचे बनवलेत त्याचा हात खऱ्या लाकडाला लागेपर्यंत बराच बसलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की हे सगळं पुण्यामुंबईत ठीक, तालुक्याच्या गावी लेसरवाला आणि जुना बाजार कुठून आणायचा? मान्य. पण तालुक्याच्या गावी वखार असते, लोहार असतो, वेल्डिंगवाला असतो, आणि हातरंधा चालवणारा सुतार शहरापेक्षा तिथेच सापडायची शक्यता जास्त. खरं अडतं ते पडद्यांच्या करवतीपाशी आणि पडद्यांच्या तारेपाशी. त्या दोनच गोष्टी कुरिअरने येतात.

आणि इथे मला जे मुळात म्हणायचंय त्याकडे येतो. पडद्यांची करवत एका गिटारीला एक संध्याकाळ लागते. वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट संध्याकाळी ती माझ्या कपाटात तेलाच्या फडक्यात झोपलेली असते. डायल गेजचं तेच, ॲक्रिलिकच्या पट्टीचं तेच. आपल्या आज्या पापडाचं लाटणं, चकलीचा सोऱ्या, लग्नाची मोठी पातेली गल्लीभर फिरवायच्या. प्रत्येकीने स्वतःचं घेतलं नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. प्रत्येक हौशी माणसाने प्रत्येक हत्यार स्वतःच्या मालकीचं ठेवायचं, ही कल्पनाच आपल्याला परवडणारी नाही. परवडत असली तरी शहाणपणाची नाही.

मित्राच्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याच्या दोन पानी यादीवर आम्ही दोघं एक दुपार पेन्सिल घेऊन बसलो. जे वाद्य बदलल्यामुळे लागणार नाही ते खोडलं. घरी बनेल त्यापुढे 'घ', बाहेरून करून घेता येईल त्यापुढे 'क', माझ्याकडून नेता येईल त्यापुढे 'उ'. विकत घ्यायच्या सात वस्तू उरल्या. बेरीज सहा हजारांच्या आत आली, मास्क धरून. लाकूड वेगळं. गेल्या रविवारी तो वखारीत जाऊन आला. फळी अजून वाळलेली नाही, दोन-तीन महिने पंख्याखाली पडून राहील. तोवर त्याने धार लावायला शिकायचं असं ठरलंय. मी दिलेली गंजकी पटाशी त्याने दुसऱ्याच दिवशी इतकी उजळून आणली की मलाच परत मागावीशी वाटली.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी पुण्यात असेल आणि हा नाद करायची इच्छा असेल, तर करवत माझ्याकडे आहे. एका आठवड्याच्या बोलीवर न्या. दोनच अटी आहेत. ती फक्त पडद्यांच्या खाचांसाठीच वापरायची, नारळाच्या फांद्या कापायच्या नाहीत. आणि परत आणताना गिटार झाली असेल तर तीही घेऊन यायची. चहा माझ्याकडून.